शंभरातले दोन

सुपडूशेठची मसाल्याची चक्की फैजपूरच्या नाक्याजवळ.
पाच तारखेला ते विचारायचे,
"किती आले वं बाई, गेल्या महिन्यात?"
मी सांगायचे, अकरा हजार.
कुठून आले, हे त्यांनी कधी विचारलं नाही.
त्यांच्या लाल तिखटाची जाहिरात
डुबुक वड्यांच्या बाजूला, भरताच्या खाली,
कळण्याच्या भाकरीच्या डोक्यावर लागायची
आणि पैसे यायचे.

कुठून आले ते मला दिसायचं.
शंभरातले त्र्याण्णव एकाच शोधखिडकीतून.
चार दुसरीतून, नव्या कॉम्प्युटरवर आपोआप उघडते ती.
दोन अशा एका खिडकीतून,
जिचं नाव माझ्या भाच्यालाही, साइट त्यानेच बांधलेली, ठाऊक नव्हतं.
उरलेला एक पत्ता पाठ असलेला,
बहुतेक माझी नणंद.

एकदा पेपरात आलं, त्या मोठीचा वाटा
अर्ध्या टक्क्याने घसरला.
अर्थपानावर, खाली, डाव्या कोपऱ्यात.
मी कणीक मळता मळता हिशेब केला:
अकरा हजारांचा अर्धा टक्का, पंचावन्न.
कानबाईच्या रोटांना आमच्या भाऊबंदांची
एवढी एक पंगत उठते.

मग कोजागिरीच्या आठवड्यात, एका रात्रीत,
क्रम बदलला.
भरीत शोधलं की पहिलं यायला लागलं
कुणाचं तरी ओव्हनमधलं,
ज्याने बामणोदचं वांगं आयुष्यात हातात धरलेलं नाही.
आणि त्याच्याही वर आयतं उत्तर:
वांगी भाजावी. सोलावी. ठेचावी.
वाक्यं माझीच होती.
पऱ्हाट्यांचा धूर तेवढा काढून घेतला होता.

केळीचा भाव पडला
तर रावेरला जाऊन फळ्यापुढे भांडता तरी येतं.
इथे फळा होता,
दार नव्हतं.

त्र्याण्णवातले उरले थोडे.
अकरा हजारांचे एकोणीसशे.
"कुठी गेले वं तुह्ये पाहुने?"
पहिल्यांदाच शेठनी 'कुठे' विचारलं.
मी म्हटलं, चारवाले आहेत, दोनवाले आहेत.
"दोन?" ते हसले. "दोन टक्के तं आमचे वटावात जातात."
जाहिरात अर्धी केली. चहा मात्र पूर्ण पाजला.

घरी येऊन पाहिलं,
ते दोनवाले जागचे हललेच नव्हते.
दोनशेवीस होते, दोनशेवीसच होते,
पण टक्केवारीत बाराच्या जवळ गेलेले.
शेजारचं घर पडलं
की आपली ओसरी उंच दिसते, तसं.

त्यांच्यातलं एक माणूस
दर गुरुवारी, रात्री एकनंतर,
बिबड्यांचं पान उघडतं.
आठ मिनिटं थांबतं.
ते पान वाचायला दोन मिनिटं पुरतात.
उरलेल्या सहांत काय करत असेल?
फोन पिठाच्या डब्याला टेकवून ज्वारी पाखडत असेल.
किंवा काहीच नाही, फोटोतल्या खाटेकडे बघत असेल,
आमच्याच गच्चीवरची ती, एक पाय विटेवर.
गाव कळत नाही, बाई की पुरुष तेही नाही.
ती छोटी खिडकी माणसाबद्दल काही सांगत नाही,
म्हणूनच कदाचित ते तिच्यातून येतं.

केळीच्या वजनातून दांडा वजा होतो.
वडील काट्यापाशी उभे राहून दर वेळी म्हणायचे,
अरे, पण फण्या लागल्यात कशाला?
कोणी उत्तर देत नसे. पावती फाडली जायची.

परवा मी बिबड्यांचं पान पुन्हा लिहिलं.
ज्वारी तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला,
हे होतंच.
खाली एक ओळ वाढवली, कोणी शोधणार नाही अशी:
अर्धवट वाळलेली एक
राखण बसलेल्या पोराला द्यावी,
नाहीतर तो कावळ्यांना सामील होतो.

गुरुवारी, रात्री एक वाजून वीस.
नऊ मिनिटं.

शेठना सांगितलं नाही.
नऊ मिनिटांना तिखट किती लागतं,
विचारतील.